बॅटरीची गाडी

कुरुंदा, ता. वसमत
रविवार, १५ मार्च २०२६

प्रिय शिवे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू म्हणशील, याला काय झालं, याचा फोन बिघडला की काय. फोन धडधाकट आहे. तू तो उचलत नाहीस हे एक, आणि उचललास तर मी खोटं बोलेन हे दुसरं. फोनवर मला खोटं पटकन सुचतं. कागदावर हात हळू चालतो, तेवढ्यात माणसाला स्वतःची थोडी लाज वाटायला वेळ मिळतो. तू आमच्या जावयाच्या, रणजीतरावांच्या तोंडी निरोप धाडलास की दादाला गाडी विकायची असेल तर परक्याला देऊ नको, आप्पांची आवडती गाडी, आम्ही घेतो. मी नाही म्हणालो आणि कारण दिलं नाही. त्यावर तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस असं कळलं. आप्पांची, व्यंकटरावांची लेक आणि नुसतं ‘बरं’. पूर्वीची तू असतीस तर परभणीहून पहिल्या बसनं येऊन माझे वाभाडे काढले असतेस. गाडी तुला का देत नाही ते आज सांगतो. पण मला पहिल्यापासून सांगू दे. आधी शेवट वाचायची तुझी खोड आहे, ती आज तेवढी आवर.

घरचं आधी. मायचे गुडघे कुरकुरतात, तरी हळद शिजवायचा बॉयलर अंगणात आला की ती खुर्ची टाकून बसते आणि माणसांवर ओरडते. पुनम बरी आहे. रुद्रची दहावीची परीक्षा चालू आहे, अभ्यास कमी आणि केस विंचरणं जास्त. हळद यंदा बरी उतरली. वाळवणीला जागा पुरत नाही म्हणून शेजारच्या रतनसिंगच्या छतावर पण टाकली आहे. गाडी मात्र अंगणात उघड्यावर असते, लिंबाखाली. पाखरं तिच्यावर काय काय करतात ते मी रोज धुतो. गोदामात मी ती परत कधी घातली नाही.

गाडी आपण बावीस सालच्या दसऱ्याला घेतली. घ्यायच्या आधी सहा महिने मी मोबाइलवर तिचे व्हिडिओ बघत होतो, पुनम म्हणायची की गाडीशी लग्न लावून घ्या एकदाचं. मला यंत्राचं वेड, तुला माहीत आहे. पंप आणला तरी त्याचं पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचतो. या गाडीचंही वाचलं, चारशे पानं, आणि मला ती पुरती समजली होती. तुलाही सांगतो, कारण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि एक बॅटरी आहे. बॅटरी घरच्या प्लगाला लावायची नसते, गाडीच तिला भरते. हळू जाताना, उभी असताना ती बॅटरीवर असते, तेव्हा काडीचा आवाज नाही. बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होतं, थोडा वेळ चालतं, आपलं आपण बंद पडतं. आत बसलेला माणूस जागा आहे का झोपला आहे हे ते विचारत नाही. अशा गाडीला हायब्रीड म्हणतात. शोरूमवाल्यानं हा शब्द वीस वेळा उच्चारला, आणि मला तो फार भारी वाटला.

कुरुंद्यात आल्यावर त्याचं काय झालं ते तू ऐकलं नसशील. मारुतीपुढं गाडी उभी केली, नारळ फुटला, पेढे वाटले. रतनसिंगनं चहूबाजूनं फिरून बघितलं आणि विचारलं, कोणती हाय. मी ऐटीत सांगितलं, हायब्रीड. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली आणि मग जे हसली. हायब्रीड काहून घेतली, गावरान भेटली न्हाई का. आपल्याकडं हायब्रीड म्हणजे काय हे तुला सांगायला नको. हायब्रीड ज्वारी, जिची भाकर काळी पडते आणि दुसऱ्या घासाला नकोशी होते. हायब्रीड टमाटा, ज्याला चव नाही. जरा पाऊस लागला की शिंकणारं पोरगं, ते हायब्रीड. आप्पांनी तर बहात्तरच्या दुष्काळात ती ज्वारी खाल्लेली, त्यांना त्या नावाचाच वीट. ते गाडीला हात न लावता म्हणाले, एवढी हिंडफिर करून हायब्रीडच आणलं व्हय, विश्वंभर. सगळ्यांच्या देखत. माझे कान तापले. आज लिहितानाही तापून राहिले, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी तेच विचारलं. मी म्हणालो, बॅटरीची हाय. एवढंच म्हणालो. पेट्रोल लागतं का, तर म्हणालो, नावाला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, विश्वंभरनं बॅटरीची गाडी आणली. हसणारी तीच माणसं आता वाकून चाकाखाली बघू लागली. चार्जिंग कुठं करता म्हणून विचारायची, मी सांगायचो आपोआप होते, आणि ते तर खरंच होतं. मग मी गावाजवळच्या पंपावर पेट्रोल भरणं बंद केलं. वसमतला जाऊन भरायचो, कुणी बघू नये म्हणून. हस मला, त्या वेळी मीही हसायचो. आणि आप्पा, ज्यांनी तिला हात लावला नव्हता, ते आठ दिवसांत पारावर सांगायला लागले, आमच्या पोराची बॅटरीची गाडी हाय, आवाज न्हाई, धूर न्हाई. धूर न्हाई म्हणताना ते हात असा हवेत फिरवायचे. मी बाजूला उभा असायचो. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण बापाला आपला अभिमान वाटतोय हे मला चाळिशीत पहिल्यांदा दिसत होतं, आणि मी ते बघत उभा राहिलो.

गाडीबद्दल तक्रार करायला मला जागा नाही. साडेतीन वर्षांत सदुसष्ट हजार किलोमीटर झाली. लिटरला बावीस-तेवीस देते, वसमतच्या गर्दीत तर जास्तच, कारण तिथं इंजिन गपगार असतं. नरसीला दर्शनाला गेलो की दुकानांच्या गल्लीत माणसं रस्ता सोडायची नाहीत, मागं गाडी आहे हेच कळायचं नाही, म्हशींना तर नाहीच. मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, तिच्यातून बॅटरीला हवा जाते. आपण हळदीचं बेणं वाहणार, ती जाळी पिवळीधमक होऊन बंद झाली. नांदेडचा मेकॅनिक म्हणाला, साहेब, गाडीला हळद लागली, आता लग्नच लावा. एवढाच काय तो बिघाड. बनवणाऱ्यानं तिला जे करायला सांगितलं ते ती बरोबर करते. माणसाचं तसं नसतं.

आप्पांना तिच्यातलं गार वारं आवडलं. चोवीसचा तो उन्हाळा आठव. पारा चव्वेचाळीसवर, आणि अकरा ते चार लाईट नाही. आप्पा ओला पंचा डोक्यावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, पत्र्याला शिव्या घालायचे. मला बघवेना. मीच त्यांना गोदामात नेलं, गाडी तिथं सावलीत असायची, आणि शिकवलं. ब्रेकवर पाय ठेवा, बटण दाबा, मग सीट मागं घेऊन निवांत पडा. पंचाहत्तरीचा माणूस एका दिवसात शिकला. रोज जेवण झालं की खुंटीवरची चावी घेऊन निघायचे. माय म्हणायची, निघालं म्हातारं सासुरवाडीला. गोदाम तू बघितलं आहेस. हळदीचा रंग उडू नये म्हणून आपण खिडक्यांना पोती लावतो आणि शटर पाडून ठेवतो. उन्हाच्या झळा नकोत म्हणून आप्पाही आत गेले की शटर पाडून घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, मधी मधी घुर्र काय वाजतं रे. त्यांना ऐकायला कमी यायचं, तरी तेवढं आलं. मी म्हणालो, बॅटरीचा पंखा हाय, आप्पा.

ते इंजिन होतं. मला माहीत होतं की ते इंजिन आहे. बंद जागेत गाडी चालू ठेवू नका, धुरानं माणूस गुदमरतो, त्या धुराला वास येईलच असं नाही, हे त्या पुस्तकात चौकट करून लिहिलं आहे आणि मी ते वाचलं होतं. तेव्हा तिथंच सांगायला पाहिजे होतं की आप्पा, ही पेट्रोलवर पण चालते, शटर उघडं ठेवून बसत जा. एक वाक्य. त्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी शटरखाली एक वीट ठेवली, वीतभर फट राहावी म्हणून. ते म्हणाले, वीट काहून. मी म्हणालो, हवा खेळती राहते. मनाला सांगितलं, झालं काम. दीड वर्ष गावाला बॅटरीची म्हणून सांगितलेली गाडी आता पेट्रोलची आहे म्हणून कोण सांगणार. आप्पा पारावर जाऊन काय बोलले असते, हे माझ्या डोक्यात होतं.

आता एकवीस मे. पुनम आणि रुद्र हट्ट्याला तिच्या माहेरी लग्नाला गेलेले. माय गल्लीतल्या पद्माबाईकडं कुरडया करायला. घरात आम्ही दोघंच जेवत होतो, आमरस होता. तुझा फोन आला. आप्पांच्या फोनचा आवाज किती मोठा असायचा तुला ठाऊक आहे, मला शब्द न् शब्द ऐकू आला. तू म्हणत होतीस परभणीला या, आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, कूलर आहे. ते म्हणत होते लेकीच्या घरी मी महिना महिना राहू का. मग तुमचं नेहमीचं जुंपलं. शेवटी तू म्हणालीस, मरा मग तिथंच उन्हात, आणि फोन ठेवलास. शिवे, आप्पा फोन खाली ठेवून हसले. मी समोर होतो. म्हणाले, शिवी बराबर माझ्यावर गेली, बोलती तर सोलून काढती. म्हणाले, रविवारी जाऊन येऊ तिच्याकडं, न्हाई तर येऊन नेईल उचलून. आणि वाटी पुढं करून आणखी रस मागून घेतला. मग हात धुऊन चावी घेतली आणि गेले. मी मोटारसायकल काढून वसमतच्या मोंढ्यात हळदीचा बाजारभाव बघायला गेलो.

चारच्या सुमारास परत आलो. घर उघडं, आप्पा नाहीत. गोदामाचं शटर पार खाली होतं. वीट बाजूला भिंतीला नीट लावून ठेवलेली. फटीतून कुत्रं शिरत असेल, त्यांनी काढली असेल, कशासाठी ठेवली हे त्यांना कुणी सांगितलं होतं. शटर वर केलं तर आतली हवा गरम होऊन तोंडावर आली आणि इंजिन चालू होतं. आप्पा सीट मागं घेऊन पडलेले, हात छातीवर. अंग अजून ऊन होतं, पण ते गेलेले होते. मी पहिल्यांदा काय केलं ते लिहितो. मी बटण दाबून गाडी बंद केली. मग त्यांना खांद्यावर घेतलं, ओसरीत बाजेवर आणून टाकलं, उशी दिली, तांब्या भरून उशाशी ठेवला. आणि मग आरडाओरडा केला. घाबरून केलं असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. घाबरलेल्या माणसाला तांब्या भरून ठेवायचं सुचत नाही.

डॉक्टर आले, नाडी बघितली, म्हणाले ऊन लागलं, त्यात हार्ट थांबलं, वय झालं होतं. कुणी जास्त विचारलं नाही. त्या आठवड्यात आजूबाजूच्या गावात अशी तीन म्हातारी माणसं गेली होती. बाया म्हणत होत्या, चेहरा बघा कसा लाल तेजाळ दिसून राहिला, पुण्यवान माणूस. त्या धुरानं चेहरा तसाच होतो, ते मी नंतर वाचलं. सहाला तू आलीस. आप्पांच्या अंगावर पडून तू सगळ्या गावादेखत म्हणालीस की मी म्हणाले मरा, मी म्हणाले म्हणून गेले. मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तुला सांगू शकलो असतो की ते हसले होते, रविवारी तुझ्याकडं येणार होते. पण मग लोकांनी विचारलं असतं, तर मग झालं काय. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जे नशिबात होतं ते झालं. तुला आठवत असेल, तू माझा हात धरून ठेवला होतास.

पोलीस येतील, आप्पांना चिरतील, माय कोसळेल, ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. त्या घटकेला पहिली भीती कशाची वाटली ते सांगतो आणि मग तुला काय म्हणायचं ते म्हण. गावाला कळेल की गाडी बॅटरीची नव्हती, ही वाटली. बाप खांद्यावर होता तेव्हा मला हे सुचलं. असा तुझा दादा आहे. तेरावं झालं, तू गेलीस आणि परत कुरुंद्याची पायरी चढली नाहीस. वर्षश्राद्धाला पण आली नाहीस. माय म्हणायची, पोरगी रागावली कशानं तरी. मी म्हणायचो, येईल. गाडी मी रोज चालवतो, काचा खाली करून, उन्हापावसात. विकली तर घेणारा विचारील की काही झालं होतं का हिच्यात, म्हणून विकली नाही. आणि तू मागितलीस तेव्हा तर कसा देणार. ज्या सीटवर बाप गेला तिच्यावर तुला आणि तुझ्या लेकरांना कसा बसवणार.

आता हे सगळं आत्ताच का लिहिलं. रणजीतराव त्या दिवशी मोंढ्यात भेटले तेव्हा तुझा निरोप देऊन थांबले नाहीत. म्हणाले, दादा, शिवकन्या दोन वर्षांत कुणावर रागावलीच नाही. भाजीवाल्यानं सडकं दिलं तरी मुकाट घेते. लेकीला दटावायचं झालं तर तोंडावर हात धरून दुसऱ्या खोलीत जाते. फोन वाजला की नुसती बघत राहते, रागाच्या भरात आपण कुणाला काही बोलू आणि ते खरं होईल म्हणून. गोळ्या चालू आहेत, गुण नाही. आणि गाडी तिला चालवायला नको, आप्पा बसायचे त्या जागेपाशी बसून त्यांची माफी मागायची आहे. एवढं बोलून तो थोराड माणूस पोत्यांच्या आड तोंड करून रडला, आणि मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तिथंही बोललो नाही. आज सकाळी मायला सगळं सांगितलं. तिनं पुढ्यातली भाकरीची परात बाजूला सारली. मग म्हणाली, आधी पोरीला कळव, तोवर माझ्या हातची भाकर तुला न्हाई. म्हणून हे पत्र. ते हातात घेऊन पोलिसात जायचं तर जा, मी नाही म्हणणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघू, माय तुझी वाट बघते, तिच्यासाठी ये. पण आज उठून त्या भाजीवाल्याशी भांड. लेकीवर मनसोक्त ओरड. मला शिव्या घाल, मर म्हण. तुझ्या बोलण्यानं कुणी मरत नाही, शिवे.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
विश्वंभर